बडोद्यातील एका आयटीआयची व्यवस्थापन समिती पुन्हा चालू करताना ठेवलेल्या नोंदी

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे जिग आणि फिक्श्चर (यंत्रावर काम करताना धातूचा तुकडा पकडून ठेवणारी साधने) बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. गेली सत्तावीस वर्षे माझ्याकडे कामाला लागणारे बहुतेक फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट सरकारी आयटीआयमधून आलेले आहेत. मे 2024 मध्ये अशाच एका आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर स्थानिक उद्योगांतील सभासद म्हणून माझी नेमणूक झाली. पुढे हेच काम दुसऱ्या कुणावर आले तर त्याचे काही महिने वाचावेत, एवढ्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. संस्थेचे आणि माणसांचे नाव मुद्दाम घातलेले नाही.

10 जून 2024

आचार्य साहेबांकडे, म्हणजे संस्थेच्या प्राचार्यांकडे, मागील सभांची इतिवृत्ते मागितली. फाइल अर्ध्या तासात मिळाली, पण तिच्यातली शेवटची सही केलेली सभा एकोणीस महिन्यांपूर्वीची निघाली. आमच्या नियमावलीनुसार दर तिमाहीला एक सभा व्हायला हवी.

समितीची रचना कागदावर अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा, चार सभासद स्थानिक कारखान्यांतले, शासनाच्या बाजूने जिल्हा रोजगार अधिकारी, शिक्षणक्षेत्रातील एक जाणकार, संस्थेतील एक ज्येष्ठ शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, तर आचार्य हे सभासद-सचिव. प्रत्यक्षात यादीतल्या दोघांची बदली झालेली होती, एक निवृत्त होऊन सुरतेला गेले होते, एका कारखानदार सभासदांचे निधन झाले होते आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ज्याचे नाव होते तो मुलगा तीन वर्षांपूर्वीच पास होऊन बाहेर पडला होता. यादी मात्र कुणी बदलली नव्हती.

14 जून 2024

वर्कशॉपची फेरी केली. फिटरच्या आणि वेल्डरच्या विभागात काम चालू होते. मशीन शॉपच्या कोपऱ्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) टर्निंग मशीन ताडपत्रीखाली होते, शासनाच्या कर्जातून 2011 मध्ये घेतलेले आणि गेली चार वर्षे बंद. बिघाड काय, असे विचारल्यावर प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. कंट्रोलर चालू करून पाहिला तर बॅटरीचा अलार्म आणि त्यामागे पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या मांडणीचे आकडे, नसल्याचे सगळे अलार्म रांगेने आले. माझ्या धंद्यात हे नवे नाही. कंट्रोलरच्या मेमरीला आधार देणारी बॅटरी मशीनचा वीजपुरवठा चालू असतानाच बदलावी लागते. ती संपली आणि मशीनही बंद राहिले की आतली सगळी मांडणी पुसली जाते.

बॅटरी का बदलली नाही, हे शोधायला मला अजून दोन तास लागले. इन्स्ट्रक्टरने वेळेवर मागणी केली होती. स्टोअरमध्ये ती वस्तू नव्हती. सरकारी आकस्मिक खर्चातून ती घेता येईना, कारण मशीन सोसायटीच्या, म्हणजे कायद्याने नोंदलेल्या आमच्या समितीच्या, मालमत्तेत धरलेले होते. सोसायटीच्या खात्यातून घ्यायची तर समितीचा ठराव हवा होता, आणि समितीची सभाच भरत नव्हती. तीन हजारांच्या आतली वस्तू घ्यायचा अधिकार त्या इमारतीत एकाही माणसाला नव्हता, आणि त्यामुळे चार वर्षांतल्या मुलांच्या तुकड्या त्या मशीनला हात न लावता बाहेर पडल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

27 जून 2024

जुने करार वाचून काढले. आयटीआयचे धनी किती, हे नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही, म्हणून थोडक्यात लिहून ठेवतो. आयटीआयमधले शिक्षण जिच्याखाली चालते ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने 1950 मध्ये सुरू केली. संस्थांचा दैनंदिन कारभार 1956 मध्ये राज्यांकडे आला आणि आर्थिक नियंत्रण 1 एप्रिल 1969 पासून. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीयच राहिले. 2007 मध्ये देशातील 1396 सरकारी आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीत सुधारण्याची योजना आली, तेव्हा प्रत्येक संस्थेत सोसायटी म्हणून नोंदलेली व्यवस्थापन समिती उभी करायची आणि केंद्राने तिला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचे, असे ठरले. त्यासाठी केंद्र, राज्य आणि उद्योग भागीदार यांच्यात त्रिपक्षीय करार झाला.

म्हणजे शिक्षकांचा पगार आणि बदली गांधीनगरहून, अभ्यासक्रम दिल्लीहून आणि मशीन सोसायटीचे. शिकवणारा माणूस, शिकवायचा विषय आणि शिकवायचे साधन या तिघांचे मालक वेगवेगळे. ही मांडणी आम्हाला बदलता येणार नव्हती. सोसायटीच्या हातात जे होते तेवढेच नीट करायचे, असे मी त्या दिवशी ठरवले, आणि तरीही पुढचे अडीच महिने नेमका त्याच्या उलट वागलो.

8 जुलै ते 20 सप्टेंबर 2024

हा सगळा काळ वाया गेला. मी आणि शिक्षणक्षेत्रातील सभासद, जे निवृत्त प्राध्यापक आहेत, अशा दोघांनी बसून सोसायटीच्या नियमावलीचा नवा मसुदा तयार केला. एक्केचाळीस पाने झाली. उपसमित्या, कार्यकाळ, हितसंबंध जाहीर करण्याची पद्धत, तक्रार निवारण, सगळे त्यात होते. एका वकिलांनी तो तपासून दिला आणि त्यांची फी 7,500 रुपये मी भरली.

मसुदा घेऊन गेल्यावर आचार्य साहेबांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, की हा मंजूर कोण करणार. नियमावली बदलायला सर्वसाधारण सभा हवी, तिला विशेष बहुमत हवे, आणि नोंदणीच्या दप्तरी ज्यांची नावे आहेत त्यांतली निम्मी माणसे आता इथे नाहीत. जुन्या नियमांनी एकही सभा न भरवता मी नवे नियम लिहीत बसलो होतो. शिवाय जुनी नियमावली पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की सभेच्या तारखा, खर्चाचे अधिकार वाटून देणे आणि उपसमिती नेमणे, या तिन्ही गोष्टींना तिच्यात आधीच जागा होती. त्या जागेचा वापर कुणी केलेला नव्हता. हे काम हाती घेणाऱ्याने आहे ती नियमावली आधी तीनदा वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

3 ऑक्टोबर 2024

पहिली सभा बोलावली आणि गणपूर्तीअभावी तहकूब करावी लागली. दोष पूर्णपणे माझा. तारीख ठरवताना मी फक्त माझ्या वर्कशॉपचे वेळापत्रक पाहिले. आज नवरात्राची पहिली माळ, आणि बडोद्यात या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सभा ठेवणे म्हणजे सभा न ठेवण्यासारखेच आहे. चौघे आले, सहाजण हवे होते.

21 ऑक्टोबर 2024

सभा सकाळी साडेनऊला घेतली. कारखानदार सभासदांना कामावर जाताना येता आले आणि सरकारी सभासदांना कार्यालयाच्या आधी. सातजण हजर. इथून पुढे हीच वेळ ठेवली, आणि वर्षाच्या चारही सभांच्या तारखा त्याच दिवशी ठरवून टाकल्या. सभेची तारीख प्रत्येक वेळी नव्याने ठरवायची म्हटले की ती कुणाच्या तरी सोयीसाठी पुढे जाते आणि मग जातच राहते.

ठराव चार झाले. रिक्त जागांसाठी नावे पाठवणे, बँकेतील सह्या बदलणे, थकलेले लेखापरीक्षण पूर्ण करणे आणि सीएनसी मशीनची तपासणी. प्रत्येक ठरावापुढे एका माणसाचे नाव आणि एक तारीख लिहिली. ‘समितीने पाठपुरावा करावा’ असे वाक्य इतिवृत्तात पुन्हा येऊ द्यायचे नाही, असे तोंडी ठरले.

28 नोव्हेंबर 2024

बँकेच्या सह्यांचे काम पाच आठवडे झाले तरी चालूच आहे. नोंदलेल्या तीनपैकी दोन सह्यांचे धनी बदलून गेलेले, केवायसी जुने आणि खाते व्यवहारांसाठी थांबवलेले. बँकेने नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद कायदेशीर दप्तरात झाल्याचा पुरावा मागितला, आणि तो मागणे योग्यच होते. सोसायटी सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असल्यामुळे विश्वस्तांमधला प्रत्येक बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टने कळवावा लागतो. आमच्या समितीने तीन बदल कळवलेलेच नव्हते. विलंबाच्या माफीचे अर्ज, राजीनाम्याच्या प्रती, मृत्यूचा दाखला, सभेचे इतिवृत्त, असे सगळे गोळा करायला माझे नऊ अर्धे दिवस आणि लेखनिकाचे बरेच जास्त गेले. निवृत्त होऊन सुरतेला गेलेल्या सभासदांकडे सही घ्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘मला वाटले होते, समिती बंद झाली.’

12 डिसेंबर 2024

सीएनसी मशीन चालू झाले. कसे झाले ते प्रामाणिकपणे लिहितो, कारण यात मी दुसरी मोठी चूक केली. खाते मोकळे व्हायला अजून वेळ लागणार होता आणि मला धीर नव्हता. मी माझ्या ओळखीचा सर्व्हिस तंत्रज्ञ बोलावला. मशीनच्या बॅकअपची जुनी फ्लॉपी नशिबाने कपाटात मिळाली, तिच्यावरून पॅरामीटर पुन्हा भरले. तंत्रज्ञाचे 26,000, बॅटरीचे 2,800 आणि कूलंट, स्लाइडवे ऑइल व साफसफाईचे 12,500, असे एकूण 41,300 रुपये मी खिशातून दिले. संध्याकाळी पहिला जॉब निघाला तेव्हा टर्नरच्या तुकडीतली मुले मशीनभोवती अशी उभी होती की मला सगळ्या त्रासाचे सार्थक वाटले.

17 जानेवारी 2025

लेखापरीक्षकांनी मशीनच्या दुरुस्तीवर आक्षेप घेतला आणि तो मला मान्य करावा लागला. सोसायटीच्या मालमत्तेला बाहेरच्या माणसाने हात लावला, त्याला कार्यादेश नव्हता, फाटकावर नोंद नव्हती, कामाची हमी नव्हती. काही जळाले असते तर जबाबदार कोण, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी ती रक्कम देणगी म्हणून दाखवून पावती करावी लागली आणि त्या पत्रव्यवहारात बराच वेळ गेला.

पण आक्षेपापेक्षाही एक गोष्ट मला जास्त बोचली. बॅटरी पुन्हा वर्षभराने बदलावी लागेल, आणि तेव्हाही ती घेण्याचा अधिकार कुणालाच नसेल. मी खिशातून पैसे भरून मूळ रोग तसाच ठेवला होता. चांगल्या मनाने केलेली अशी मदत संस्थेला परावलंबी करते. समितीवरच्या कारखानदारांनी हा मोह टाळावा.

23 जानेवारी 2025

आजच्या सभेत खर्चाच्या अधिकारांची उतरंड मंजूर झाली. आतापर्यंतचा सर्वात महत्त्वाचा ठराव हाच, म्हणून तपशील देतो. पाच हजार रुपयांपर्यंतची वस्तू त्या ट्रेडचा इन्स्ट्रक्टर आणि स्टोअरकीपर यांनी दोघांच्या सहीने घ्यायची, महिन्याला प्रत्येक ट्रेडमागे पंधरा हजारांच्या मर्यादेत. पंचवीस हजारांपर्यंत आचार्यांचा अधिकार. एक लाखापर्यंत तिघांची खरेदी उपसमिती, तीन कोटेशने घेऊन. त्यावरचे सगळे समितीपुढे. ज्याच्या टेबलावर मागणी आली त्याने सात दिवसांत हो किंवा नाही लिहायचे, आणि नाही म्हणायचे असेल तर कारण लिहायचे. पंधरा दिवसांत काहीच लिहिले गेले नाही तर मागणी आपोआप वरच्या टेबलावर जाते आणि पुढच्या सभेत ती कुणाकडे थांबली होती हे वाचून दाखवले जाते.

चर्चा दोन तास चालली. शासनाच्या बाजूच्या एका सभासदांना इन्स्ट्रक्टरच्या हाती पैसे देणे धोक्याचे वाटत होते. त्यांची भीती खोटी नव्हती, उद्या चौकशी झाली तर उत्तर त्यांना द्यावे लागले असते. म्हणून महिन्याची मर्यादा आणि दर तिमाहीला स्टोअरची अचानक मोजणी, या दोन अटी त्यांच्याच सूचनेवरून आल्या आणि त्यांनी ठरावाला अनुमोदन दिले.

6 फेब्रुवारी 2025

नवी विद्यार्थी प्रतिनिधी इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे. जानेवारीच्या सभेत ती एक शब्द बोलली नव्हती. आज तिला विचारले तेव्हा कळले की कार्यसूची इंग्रजीत होती, चर्चा अर्धी इंग्रजीत झाली आणि इतिवृत्त आले तेही इंग्रजीत. तिने ते मोबाइलवर भाषांतर करून वाचले आणि त्यातून तिला एवढेच समजले की काहीतरी मंजूर झाले.

याची मला लाज वाटली, आणि बडोद्यात तर जास्तच वाटायला हवी. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रहच होता की कारागिराच्या मुलाला तंत्रविद्या त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे. माझे आजोबा तिथे शिकले होते, आणि घरी मराठी बोलणाऱ्या त्या माणसाने यंत्रांची सगळी नावे आयुष्यभर गुजरातीत उच्चारली.

पुढच्या सभेपासून कार्यसूची आणि इतिवृत्त गुजरातीत, आणि बँकेला किंवा दिल्लीला पाठवायचे असेल तेवढ्याचीच इंग्रजी प्रत, असे ठरले. ‘ठराव’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे मला स्वतःला फारसे अवघड गेले नाही.

13 मार्च 2025

आजची नोंद लिहिणे कठीण आहे. मागील सभेच्या इतिवृत्तात मी वेल्डिंग विभागाबद्दल असे लिहिले होते की इन्स्ट्रक्टरच्या निष्काळजीपणामुळे सहापैकी चार वेल्डिंग सेट बंद आहेत. विभागात मी एकदाच, दहा मिनिटे गेलो होतो आणि तेवढ्यावर हे वाक्य लिहिले. इतिवृत्त नंतर गुजरातीतही निघाल्यामुळे ते या वेळी सगळ्यांनी वाचले.

दोन दिवसांनी ते इन्स्ट्रक्टर माझ्या वर्कशॉपवर आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात गेल्या तीन वर्षांत केबल, होल्डर आणि इलेक्ट्रोडसाठी केलेल्या अकरा मागण्यांच्या कार्बन प्रती होत्या. एकाही प्रतीवर आवक क्रमांक नव्हता, कारण कार्यालयात अंतर्गत मागण्यांना क्रमांक देण्याची पद्धतच नव्हती. कागद टेबलावर ठेवला जाई आणि पुढे त्याचे काय झाले हे कुणालाच सांगता येत नसे. ते आवाज न चढवता म्हणाले, ‘साहेब, दोन सेटवर चोवीस मुलांना मी शिकवतोय, हे कुठे लिहिणार?’

मी आजच्या सभेत त्यांची माफी मागितली, ते वाक्य रद्द करण्याचा ठराव मीच मांडला आणि अकरा मागण्यांची यादी इतिवृत्ताला जोडली. त्याच दिवशी स्टोअरच्या खिडकीत आवक वही ठेवली. मागणी देणाऱ्याला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिथल्या तिथे मिळते. वहीची किंमत 140 रुपये. ही वही अधिकारांच्या उतरंडीच्या आधी यायला हवी होती, कारण मागणी कधी आली हेच नोंदलेले नसेल तर सात दिवस मोजायचे कुठून. मी क्रम चुकवला आणि त्याची किंमत एका चांगल्या शिक्षकाने मोजली.

24 एप्रिल 2025

कर्जाचा हिशोब आज पहिल्यांदा सगळ्या सभासदांसमोर फळ्यावर मांडला. अडीच कोटींच्या कर्जाला पहिली दहा वर्षे परतफेडीची सूट होती आणि त्यानंतर वीस वर्षे समान वार्षिक हप्ते, म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. आमच्या सोसायटीने मशीन आणि इमारतीवर एक भाग खर्च केला आणि उरलेले पैसे मुदत ठेवीत ठेवले. आज ठेव 1 कोटी 42 लाख आहे आणि तिचे व्याज वर्षाला सुमारे 9 लाख 80 हजार येते. हप्त्याला जवळपास 2 लाख 70 हजार कमी पडतात आणि ते ठेवीतूनच काढले जातात.

फळ्यावर हे आकडे एकाखाली एक आल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मुलांच्या प्रशिक्षणासाठी घेतलेले कर्ज स्वतःलाच फेडण्यासाठी बँकेत पडून होते. मागच्या समित्यांना यात दोष देणे मला बरोबर वाटत नाही. परतफेड करावी लागणारे पैसे खर्च करायला माणूस घाबरतोच, आणि ठेव ठेवल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही, तर खर्च केल्याबद्दल लगेच विचारला जातो. पण त्याचा परिणाम असा झाला, की मशीन घेतले आणि त्याची टूल इन्सर्ट (धातू कापणारी, झिजली की बदलायची टोके) आणि बॅटरी घ्यायला पैसे धरलेच नाहीत.

ठरले ते असे, की ठेवीच्या व्याजातून दरवर्षी तीन लाख आधी देखभाल आणि कच्च्या मालासाठी बाजूला काढायचे आणि वाढलेली तूट उत्पन्न वाढवून भरायची. ठेव त्यामुळे लवकर संपेल, हे सगळ्यांना माहीत होते. दोन सभासदांनी विरोध नोंदवला आणि तो इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत घेतला आहे.

19 जून 2025

प्रवेशाचा विषय. 2007 च्या योजनेने समितीला वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. आमच्याकडे तो आजवर वापरला गेला नव्हता, आणि समिती जिवंत झाल्याची बातमी पसरताच त्यासाठी फोन सुरू झाले. कारखानदार सभासदांपैकी दोघांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी जागा हव्या होत्या. मलाही माझ्याकडच्या एका जुन्या टर्नरच्या मुलासाठी विचारणा झाली, आणि तो मुलगा खरोखर होतकरू आहे.

मी समितीपुढे मांडले की निकष आधी लिहून फलकावर लावल्याशिवाय एकही जागा भरायची नाही, आणि ज्या सभासदाचा संबंधित अर्जदार असेल त्याने त्या चर्चेत बसायचे नाही. निकषांवर एकमत झाले नाही. त्यामुळे या वर्षी तो अधिकार न वापरण्याचे ठरले आणि सगळे प्रवेश नेहमीच्या गुणवत्ता यादीने झाले. टर्नरच्या मुलाला पसंतीचा ट्रेड मिळाला नाही. त्याचे वडील माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि त्यांना समजेल असे उत्तर मी अजूनही देऊ शकलेलो नाही.

14 ऑगस्ट 2025

संध्याकाळची सीएनसी ऑपरेटर तुकडी पूर्ण झाली. मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्यांतले चौदाजण, माणशी 6,500 रुपये, आठ आठवडे. जमा 91,000. तासावर नेमलेल्या बाहेरच्या इन्स्ट्रक्टरचे मानधन 38,400, इन्सर्ट आणि माल 12,500, वीज 7,000. उरले 33,100. तूट भरून काढायला या हिशोबाने वर्षाला सतरा-अठरा तुकड्या लागतील, आणि एका मशीनवर त्या बसणारच नाहीत. उत्पन्नाचा हा मार्ग खरा आहे, पण अपुरा आहे, हे इतरांनी आधीच धरून चालावे.

दुसरीकडे एक गोष्ट अपेक्षेपेक्षा सोपी गेली. 2022 पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला 1,200 तासांच्या प्रशिक्षणाबरोबर 150 तास कारखान्यातल्या कामाचे किंवा गटप्रकल्पाचे धरलेले आहेत. आमच्याकडे ते बहुधा कागदी प्रकल्पावर निभावले जात. सभेला नियमित येणाऱ्या चार कारखानदारांनी मिळून छत्तीस मुलांना घेतले, कारण आता ते संस्थेतल्या शिक्षकांना नावाने ओळखतात आणि फोन उचलतात.

9 ऑक्टोबर 2025

आवक वहीचा आढावा. मार्चपासून सप्टेंबरअखेर 71 मागण्या आल्या. 58 सात दिवसांत निकाली निघाल्या, नऊ पंधरा दिवसांत, आणि चार वरच्या टेबलावर गेल्या. त्या चारपैकी दोन माझ्याच उपसमितीकडे थांबल्या होत्या आणि ते सभेत वाचून दाखवले गेले. वेल्डिंगचे सहाही सेट चालू आहेत. स्टोअरच्या अचानक मोजणीत एकदा हॅकसॉ ब्लेडचा हिशोब जुळला नाही, तो लिहिण्यातला घोटाळा निघाला.

माझा खर्च: वकिलांची फी, दुरुस्तीची देणगी आणि प्रवास मिळून सुमारे 52,000 रुपये, त्यातले निदान 45,000 टाळता आले असते. वेळ आठवड्याला सरासरी सहा तास.

याच महिन्यात पीएम-सेतू योजना सुरू झाल्याचे जाहीर झाले. देशभरातल्या 1,000 सरकारी आयटीआयसाठी 60,000 कोटी रुपये, 200 मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या 800 संस्था, आणि कारभार उद्योगांच्या पुढाकाराने स्थापन होणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे. आमची संस्था यात येईल की नाही ते ठरायचे आहे. आली तर नव्या संस्थेच्या पहिल्याच सभेत अधिकारांची उतरंड आणि आवक वही हे दोन विषय मांडायचे, असे आचार्य साहेबांचे आणि माझे बोलणे झाले आहे. मशीनच्या यादीवर त्यानंतर बोलू.

16 ऑक्टोबर 2025

दिवाळीनंतरच्या सभेची कार्यसूची आज विद्यार्थी प्रतिनिधीसह सर्वांना गुजरातीत गेली. विषय पाच आहेत: वीस टक्के प्रवेशाचे निकष, कर्जाचा हप्ता, खरेदी उपसमितीत माझ्या जागी दुसरे नाव, नव्या प्रतिनिधीची निवड आणि चेंज रिपोर्टची स्थिती. सीएनसीच्या मशीन कार्डावर बॅटरी बदलण्याची तारीख 12 डिसेंबर आहे. तो विषय कार्यसूचीत घेतलेला नाही, कारण ती खरेदी इन्स्ट्रक्टरच्या अधिकारात बसते. त्यांनी मागणी सोमवारीच टाकली आहे, आवक क्रमांक 73.